पुसलेलं चिन्ह
काल खिडकीच्या गजांना ऑइल पेंट लावला आणि त्या वासाने पाचोरा स्टेशनची भिंत आठवली. त्या भिंतीवर आमच्या पॅसेंजर गाडीचं ओळखचिन्ह रंगवलेलं असायचं, ते तेव्हा बदललं होतं. जुनं पुसून पेंटर नवं काढत होता. भोवती गर्दी जमली. "हाई काय शे? केळीनं पान?" एक आबा खेकसले. "पान कशानं, हाऊ ते विळा शे!" डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या एक अक्का म्हणाल्या. शाळेत असल्यापासून त्याच गाडीने जाणारा मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो, "जुनंच परत काढा!" पेंटरने ब्रश माझ्यापुढे धरला. "काढस ना भाऊ. कसं व्हतं ते सांगा." मी आबांकडे पाहिलं, आबांनी अक्कांकडे. कुणालाच सांगता येईना. शेवटी पेंटरलाच विचारलं, तर तोही गोंधळला. सकाळी त्यानेच तर पुसलं होतं. अजूनही डोळे मिटून जुनं आठवायला जातो आणि दिसतं ते नवंच.