पाहुण्यांसाठी बांधलेल्या वायरी

मनोरमाताई बोलायला लागल्या की समोरच्याला 'हो' म्हणायलासुद्धा जागा मिळायची नाही. शांती नगरात आमची दारं समोरासमोर. गिरगावातली खोली विकून त्या नवऱ्याबरोबर इथे आल्या. नवरा गेला. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून दोन्ही पोरं वाढवली, संपदाचं लग्न लावलं, पण तोंड कधी थांबलं नाही. भाजीवाल्याशी त्यांचं हिंदी म्हणजे चक्क मराठीच, फक्त शेवटी 'है'. मग फुप्फुसांचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, बरा व्हायचा नाही, घरी ऑक्सिजनचं मशीन लावा. तेव्हापासून नाकात नळी घालून, मध्ये थांबत थांबत बोलायच्या. पण बोलायच्याच.

मशीन हॉलमध्ये, परागच्या टेबलाशेजारी. पराग त्यांचा धाकटा. घरी बसून एका कंपनीसाठी गेम तपासायचा, म्हणजे बाजारात यायच्या आधी खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. चांगली नोकरी होती. पण लोकांना सांगून बघा! "मुलगा दिवसभर गेम खेळतो" एवढंच मुलीकडच्यांच्या कानावर जायचं आणि स्थळ गुल. त्याच्या टेबलाखाली स्क्रीनच्या, सीपीयूच्या, कन्सोलच्या, वायफायच्या, स्पीकरच्या वायरींचा असा गुंता की झाडू आत गेला तर बाहेर यायचा नाही. त्यातच मशीनची वायर. मनोरमाताई म्हणायच्या, "शैला, माझा श्वास आणि याचा गेम एकाच बोर्डावर चालतो बघ." आणि स्वतःच हसून खोकत बसायच्या.

अशात रसिकाचं स्थळ आलं. मुलामुलीची बाहेर भेट झाली, दोघांची पसंती होती. आता मुलीकडचे घर बघायला येणार होते. संपदाचा नवरा, म्हणजे परागचे दाजी, सल्ला द्यायला सगळ्यात पुढे. हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "हे जंजाळ आधी आवर. आणि ते मशीन दिसता कामा नये. पेशंट असलेलं घर म्हटलं की मुली नाही म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. "अहो दाजी, श्वास आहे तो त्यांचा, अडगळ नाही!"

पण मनोरमाताईच मला म्हणाल्या, "जाऊ दे गं. घटकाभर नळी काढली तर काय मरतेय मी? आंघोळीला नाही का काढत?" पराग नको नको म्हणत होता. तर त्याच्यावरच डाफरल्या, "माझ्यामुळे बिनलग्नाचा राहिलास असं ऐकायचंय का मला?"

बेडरूम पाहुणे बघणारच, म्हणून मशीन टेबलाखाली सरकवून पुढे पडदा लावायचं ठरलं. रविवारी सकाळपासून पराग जमिनीवर उताणा. एकेक वायर ओढून सरळ केली, टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवली, सगळ्या मिळून एका काळ्या कापडी नळीत घातल्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या. त्या पट्ट्या एकदा ओढल्या की कापल्याशिवाय सुटत नाहीत. बोर्ड एका खोक्यात बंद केला. त्याचं झाकण बसेना, म्हणून त्यानं एक पिन काढून टाकली. कन्सोलची समजून काढली हो. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. मशीन एकदा चालवून बघणार होता, पण ते चालू झालं की घरघरतं, आणि तेवढ्यात वॉचमनचा इंटरकॉम आला की पाहुणे लिफ्टमध्ये शिरलेत. वेळेच्या आधीच आले.

मीही तिथे होते, पोह्यांवर खोबरं पेरायला. मनोरमाताई हिरवी पैठणी नेसून, नळी काढून ताठ बसलेल्या. सुरुवातीला छान बोलल्या. मग वाक्यं तोकडी झाली. मग नुसत्या हसायला लागल्या.

आणि त्या रसिकाला नेमकं ते टेबलच आवडलं. "एकही वायर दिसत नाहीये! कसं केलंत?" झालं. आमचा पराग, ज्याच्या तोंडून पोरीसमोर शब्द फुटत नाही, तो असा सुटला म्हणून सांगू! हे असं वळवलं, ते तसं लपवलं. ती विचारतेय, तो सांगतोय, दोघं हसताहेत. मनोरमाताई त्याच्याकडे बघत होत्या. ओठ निळसर पडायला लागले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, आत चला जरा." त्यांनी माझं मनगट असं घट्ट दाबलं की मी तिथेच बसले. मध्येच रसिकानं विचारलंही, "काकू, दमलात का?" दाजी लगेच म्हणाले, "सकाळपासून धावपळ ना!"

लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला आणि मनोरमाताई सोफ्यावर कलंडल्या.

परागनं पडदा ओढून मशीनचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. खोक्याचं झाकण उपटलं, मोकळी पिन शोधायला लागला, ती टेबलामागे पडलेली, हात पोचेना. दाजी म्हणाले, "दुसरीकडे लाव, किचनमध्ये लाव!" पण वायर सैल ठेवलीच नव्हती ना कुठे! मशीन ओढलं तर टेबल सरकायला लागलं. मी सुरी आणली. तो पट्ट्या कापत सुटला, एक कापली की पुढे दुसरी, हाताला लागलं तरी कापत होता. मशीन सुरू झालं तेव्हा मी नळी त्यांच्या नाकाला लावली. छाती हलत नव्हती. अँब्युलन्स आली, पण उपयोग नव्हता.

दाजींनी मुलीकडच्यांना हार्ट अटॅक म्हणून कळवलं.

तेरावा झाल्यावर रसिका वडिलांबरोबर भेटायला आली. पराग समोर बसलेला, दाढी वाढलेली. ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी आम्ही लवकर निघणार होतो. बाबा मला सारखे खुणावत होते. पण तुम्ही बोलत होतात आणि काकू तुमच्याकडे बघून इतक्या खूश दिसत होत्या, की मीच काहीबाही विचारत बसले. तेवढं तरी सुख मिळालं त्यांना."

"अगदी अगदी," दाजी म्हणाले.

पराग म्हणाला, "हार्ट अटॅक नव्हता तो. आईला ऑक्सिजन लागायचा. मशीन या टेबलाखाली होतं. तुम्हाला दिसू नये म्हणून मी बंद करून ठेवलं होतं."

दाजी "अरे" म्हणून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. रसिका टेबलाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "म्हणजे मी बसले होते, तेवढा वेळ त्या..."

मला वाटलं, बोल रे बाबा, या पोरीसाठी तरी आता खोटं बोल.

तो म्हणाला, "हो."