बघूसाहेबांचा होकार

बघूसाहेबांकडून 'हो' किंवा 'नाही' वदवून घेणं म्हणजे डोक्याला ताप होता. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी ते म्हणायचे, "बघू." चहा समोर येऊन निवून जायचा, तरी साहेबांचं ठरलेलं नसायचं. चितेगावच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरचे प्रमुख होते आणि मी कॉम्प्युटर विभागात. त्यांचं खरं नाव कुणी घ्यायचंच नाही.

महिनाअखेरीला स्टोअरचा हिशेब बंद करायचा तर सर्व्हरवर चार-पाच छोट्या शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला क्रमानं कामं सांगणाऱ्या फायली, एकामागून एक चालवाव्या लागत. एक शिल्लक माल मोजायची, एक बॅकअप घ्यायची, एक जुन्या फायली पुसायची. साहेब हमखास क्रम चुकवायचे आणि निस्तरायला मी. शेवटी वैतागून मी सगळ्या एकाच स्क्रिप्टमध्ये जोडून टाकल्या. प्रत्येक कामाआधी ती विचारणार, हे करायचं का? होसाठी वाय, नाहीसाठी एन. दुसरं काही टाइप केलं तर तोच प्रश्न पुन्हा. मला वाटलं, सुटले एकदाची.

पहिल्याच महिनाअखेरीला गेटवरून फोन आला. ट्रक भरून उभा आहे, पण हिशेब बंद झाल्याशिवाय चलन निघेना. मी स्टोअरमध्ये गेले. पडदाभर एकच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली साहेबांनी रोमन अक्षरांत इमानेइतबारे 'बघू' लिहिलेलं.

"मॅडम, हे लई घाई करतंय," ते शांतपणे म्हणाले.

मी समजावून सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं मन लावून ऐकलं आणि तिसरं उत्तर घालता येईल का, असं विचारलं. तेवढ्यात मॅनेजरांचा फोन आला, आणि बोलणी मी खाल्ली. पुढच्या वेळेपर्यंत मी 'नंतर' हा पर्यायही घातला. तो निवडला की ते काम शेवटी ढकललं जायचं. साहेबांनी सगळीच कामं शेवटी ढकलली आणि मग त्या ढिगासमोर हात बांधून बसले. वाय मीच दाबला. पुढेही दर महिन्याला मीच दाबत राहिले.

एकदा माझा संयम सुटला. एवढं काय बघता, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "व्हय म्हणलं की मागं फिरता येत नाय, मॅडम. म्हणून जपून म्हणतो." मी म्हटलं, फायली पुसायच्यात, सोयरीक जुळवायची नाही. ते हसले. बटण तरीही दाबलं नाही.

मग एकाएकी ते लांब रजेवर गेले. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या पुतण्याकडून कळलं. गावी, पिशोरला शेती बघणाऱ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आणि साहेब आपली एक देत होते.

मी शहरातल्या दवाखान्यात गेले तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्यांच्या पत्नी बाहेर बाकावर बसल्या होत्या. काय घडलं ते त्या सांगू लागल्या. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून विचारलं तेव्हा सगळे खाली बघत होते, आणि डॉक्टरांचं बोलणं पुरं व्हायच्या आत हे म्हणाले, व्हय, माझी घ्या. हे सांगताना त्यांचा आवाज रागानं कापत होता. "घराला रंग द्यायचं इतकी वर्षं बघू म्हणत्यात. आन् हे मला न इचारता?"

आत साहेब पडून होते. भीती नाही का वाटली, असं मी विचारलं.

"वाटली की. तपासण्या चालल्या तवा लई वाटली," ते म्हणाले. "पण म्हणलं होतं ना."

बरे झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि ते पिशोरला राहायला गेले. त्यांच्या जागी आलेली मुलगी माझी स्क्रिप्ट चहा यायच्या आत संपवते. मला स्टोअरमध्ये जावंच लागत नाही.

मध्यंतरी त्यांना भेटायला पिशोरला गेले. भाऊ मक्याच्या रानात पाणी देत होता. त्याची गोळ्यांची वेळ झाली होती, म्हणून साहेब बांधावरून हाका मारत होते. भाऊ नुसताच "आलो, आलो" म्हणत होता आणि येत नव्हता. साहेब चिडून पार लाल झाले होते. इतक्या वर्षांत त्यांना वैतागलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.