विनायकरावांचा चुकलेला नकाशा

विनायकराव साठ वर्षांचे झाले, त्यांच्यावर लिहा, असं इथल्या मराठी मंडळाने मला सांगितलं. मी चौथी शिकलेली बाई. पण त्यांचे युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी नुसतं गोडच लिहिणार, म्हणून म्हटलं आपण लिहावं.

त्यांची माझी ओळख इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, दिवाळीच्या जेवणात झाली. मी नुकतीच लेकीकडे राहायला आले होते. माझ्या ताटातली जिलबी बघून ते उसाबद्दल बोलायला लागले आणि तिथून डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पोचले. कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरचा हा देश. त्याच्या एका डोंगराळ प्रांतात कुठे काय पिकतं आणि ते बाजारात कसं जातं, याचा अभ्यास ते वीसेक वर्षं करताहेत. कोकोपर्यंत आले तेव्हा माझी भाजी गार झाली होती.

माणूस मनाने चांगला, यात वाद नाही. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी जावई बाहेरगावी होते, तेव्हा विनायकरावांनी मला पाच वेळा दवाखान्यात नेऊन आणलं. तिकडच्या मातीबद्दल सांगता सांगता दोनदा हायवेवरून उतरायची एक्झिट चुकवली, तेही लिहून ठेवते.

नकाशाचं प्रकरण त्यानंतरचं. त्या प्रांतात एका नदीवर पूल बांधायचा होता. तो कुठे बांधावा, हे विनायकरावांच्या नकाशावरून ठरणार होतं. त्यांनी ट्रकच्या रस्त्यावरची जागा सुचवली आणि अहवाल पाठवूनही दिला. मग आम्हाला घरी बोलावून फोटो दाखवत बसले. एका फोटोत बायका डोक्यावर कोकोच्या बियांची पोती घेऊन बाजारात येत होत्या. जमीन कोरडी, धूळ उडतेय, आणि बायकांचे घागरे मांडीपर्यंत ओले.

मी विचारलं, "या बायका रस्त्याने आल्याच नाहीत. नदी कुठे उतरल्या?"

विनायकराव फोटो डोळ्यांजवळ धरून बघायला लागले. आमच्या गावात मी काजूच्या बिया घेऊन अशीच नदी उतरलेली आहे. रस्त्याने वळसा घातला तर अर्धा दिवस जातो, आणि रस्ता ट्रकवाल्यांचा. हे कळायला शिक्षण लागत नाही. हे वीस वर्षं जीपमधून हिंडले, त्यांना कसं दिसणार?

मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय? त्यांनी पाऊसकाळातच तिकडचं तिकीट काढलं. त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणाल्या, वर्षभरात रिटायर व्हायचंय, आता आपलीच चूक आपण कशाला सांगायची? मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट लेट इट गो."

ते म्हणाले, "पावसात त्या नदीत बायका वाहून जातात गं."

महिनाभर ते त्या बायकांबरोबर पायी हिंडले. गुडघा सुजवून परत आले आणि पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य, माझा नकाशा चुकला. पुलाची जागा बदलली. पण ज्यांनी काम दिलं होतं त्यांनी, शेवटच्या घडीला शब्द फिरवणारा माणूस म्हणून त्यांना पुढच्या कामातून वगळलं. मंदाताई माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. आणि हे गृहस्थ भेटेल त्याला सांगत सुटले की चूक मावशींनी, म्हणजे मी, दाखवली. अहो, जरा गप्प बसला असतात तर माझं तरी निभावलं असतं.

पूल झालाय. उद्घाटनाला यांना बोलावलं नाही, आणि यांना त्याचं काही वाटलंही नाही, याचाच मला जास्त राग येतो.

विनायकरावांना भरपूर आयुष्य मिळो, आणि ते धडधाकट गुडघ्यांसकट मिळो. फेब्रुवारीत पुन्हा निघालेत. पलीकडच्या दरीतल्या बायका नदी कुठून उतरतात ते बघायचंय म्हणे, यावेळी स्वतःच्या खर्चाने. मंदाताईंनी बॅग भरायला साफ नकार दिलाय. मी भरून देणार आहे.