गेल्या आठवड्यातला एक तास

थोरलीचा ब्रेक यंदा संपलाच नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायची. दर वर्षी करार संपला की तिला चार दिवस घरी बसवत आणि मग नवा करार करून परत बोलावत. कायम करावं लागू नये म्हणून ही युक्ती. त्या चार दिवसांत थोरली कपाटं आवरायची आणि म्हणायची, "आई, मी रजेवर आहे, माझे लाड कर." यंदा कपाटं आवरून झाली, परत विस्कटली, तरी फोन काही आला नाही. आईच्या जिवाला घोर लागला. पण शेजारच्या काकूंनी विचारलं की ती सांगे, "रजा घेतलीय जरा." झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात रोजगाराची पाहणी करणारी बाई आली. दर वर्षी तीच घरं, तेच प्रश्न. कोणाचं काम टिकलं, कोणाचं गेलं ते ताडून पाहायचं. नेमक्या काकूही वाटीभर साखर मागायला दारात उभ्या.

"मुलगी कामावर आहे ना?" बाईने आईला विचारलं.

"आहे की! तिला काय धाड भरलीय?"

बाई वरच्या मजल्यावर गेली, पाठोपाठ काकूही. आतल्या खोलीतून थोरली बाहेर आली.

"इतक्या दिवसांत मला कोणी विचारलं नव्हतं गं. एक बाई विचारायला आली, तर तू मला कामाला लावून मोकळी!"

"काकूंच्या देखत काय सांगू मी?"

"काम गेलंय म्हणून सांगायचं. चोरी केलीय का मी?"

आई तशीच अनवाणी जिना चढली. वर काकूंसकट सगळा मजला जमलेला. "बाई, चुकलं माझं," ती म्हणाली. "माझ्या मुलीचं काम गेलंय."

बाई बिचारी परत खाली आली. थोरलीने खुर्ची पुढे केली, केस सारखे केले आणि मुलाखतीला बसावं तशी ताठ बसली.

"गेल्या आठवड्यात पैसे मिळतील असं काही काम? तासभर तरी?"

"औषधांच्या दुकानात माल आला होता. खोकी लावायला बोलावलं होतं, एक दुपार. बस."

बाईचं बोट टॅबवर थांबलं. "मग 'कामावर' अशीच नोंद होते गं. तासभर केलं तरी धरतात. नियमच आहे तसा."

"अहो, खोकी लावणं म्हणजे काय नोकरी झाली?" आई म्हणाली. "जरा बघा तरी तिच्याकडे!"

"दिसतंय हो मला. माझ्या हातात काय आहे?"

थोरली हसली. ते हसू आईला बघवेना.

"उगाच धावलीस, आई. तू खोटं बोललीच नव्हतीस."

बाईने घसा खाकरून पुढचा प्रश्न विचारला. आईला तो ऐकूच आला नाही.