मोठ्याने वाचलेला जबाब

बाबुभाईंनी हसत हसत आमच्या ड्रायव्हरच्या हातातून जीपची किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "चा पिल्याशिवाय बेन कशा जातील?" ते म्हणाले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बडोद्याला पुरवठा खात्यात इन्स्पेक्टर होते. डभोईपलीकडच्या एका गावात दुष्काळाचा सरकारी गहू फक्त बाबुभाईंना मत देणाऱ्या घरांना मिळतो, अशी निनावी तक्रार आली होती. बाबुभाई तालुक्याचे पुढारी, रेशनचं दुकान त्यांच्या मेहुण्याचं. बाकीच्यांची रेशनकार्डं मेहुण्याने 'सांभाळायला' म्हणून ठेवून घेतलेली. कार्ड नाही तर गहू नाही.

सकाळपासून घरं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, "अमने तो बधुं मळे छे," आम्हाला तर सगळं मिळतं. बोलली फक्त शांताबेन, एकटी राहणारी विधवा. दार लावून, चुलीपाशी बसून तिने सगळं सांगितलं. मी तिचा जबाब घेतला, म्हणजे तिचं म्हणणं कागदावर उतरवलं.

इथवर ठीक होतं. पुढची माती मी केली. आमची पद्धत अशी, की जबाब वाचून दाखवायचा आणि दोन साक्षीदारांसमोर, म्हणजे पंचांसमोर, अंगठा घ्यायचा. पंच पंचायतीच्या ओट्यावर बसले होते. शांताबेनला तिथे नेलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. माझ्या आवाजाचा मला भारी अभिमान! संपवून मान वर केली, तर समोर बाबुभाई. तेव्हाच ती किल्ली खिशात गेली.

"शांता, तू असं बोललीस?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

शांताबेन म्हणाली, "ना. बेनने मनाचंच लिहिलंय."

बाबुभाईंनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "आवजो, बेन," त्यांनी निरोप दिला.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली ती बडोद्याला, रावपुऱ्यातल्या घरी पोचल्यावर.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "अंगठा कुठाय?"

"नाही दिला, साहेब."

"मग फाइल बंद करा. मला वरून फोन नकोत."

आठवड्याने ऑफिसच्या दारात शांताबेन उभी. एसटीने एकटीच आली होती. ओठ कोरडे, पदर मुठीत घट्ट धरलेला.

"बारणुं बंध करो, बेन."

मी दार लावलं.

"हवे वांचो. पण धीमे."

आता मी तिच्या कानाशी बसून हळू आवाजात वाचलं. आमचे दोन क्लार्क पंच झाले. तिने अंगठा उमटवला, आणि साहेबांनाही मग सही करावीच लागली.

मेहुण्याचं लायसन्स गेलं. कार्डं घरोघर परत मिळाली. शांताबेनचं कार्डही आलं, पण ते घ्यायला ती गावात नव्हती. तिच्या दाराला कुलूप होतं. भावाकडे गेली, ती परत आलीच नाही.

मी नंतर नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. जबाब वाचून दाखवावा, एवढंच लिहिलंय. मोठ्याने, असं कुठेही नाही.