पक्केकाकांची गाठ

पक्केकाकांनी लावलेलं झाकण दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कामावर निघण्याआधी काका स्वयंपाकघरात फेरी मारून प्रत्येक डबा आवळून ठेवायचे. मग काकू साखरेचा डबा काखेत मारून शेजारणीकडे जायच्या, शेजारीण तो उंबऱ्यावर आपटायची, आणि साखर मिळेपर्यंत इकडे चहा आटून जायचा.

"अहो, साखरेचा डबा आहे, अवकाशात चाललेला नाही," काकू वैतागून म्हणायच्या.

काकांना हे मुळीच लागायचं नाही, कारण त्यांनी आवळलेलं सामान खरोखरच अवकाशात जायचं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकात पाच-सहा माणसं राहतात. त्यांच्यासाठी जेवण, कपडे, यंत्रांचे सुटे भाग घेऊन एक बिनमाणसांचं यान अधूनमधून वर जातं. त्यातल्या पिशव्या पट्ट्यांनी बांधायचं काम काका सव्वीस वर्षं करत होते. उडताना यान असं काही हादरतं, की एक पिशवी सैल राहिली तरी घात. काका पट्टा ओढायचे, वर स्वतःची एक गाठ मारायचे, तिच्यावर थोपटायचे आणि म्हणायचे, "पक्कं." ही गाठ नियमात नव्हती. साहेबांनी एकदा तसं सुचवून पाहिलं, पण काकांची नजर बघून ते हवापाण्यावर बोलू लागले.

काकांच्या मनात सल होता तो एकच. वर गेलेलं ते यान परत येत नाही. सामान काढून घेतलं की त्यात कचरा कोंबतात आणि सोडून देतात. खाली येताना ते वाटेतच जळून खाक होतं. म्हणजे काकांची सव्वीस वर्षं राखेत. कौतुक राहू दे, पण 'मिळालं बरं का' एवढं तरी वरून कुणी म्हणावं, असं त्यांना फार वाटायचं.

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा साहेब म्हणाले, "काका, उद्या सकाळी वरच्या स्थानकातल्या मुख्य बाई तुमच्याशी बोलणार आहेत. काकूंनाही आणा."

काकांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला. 'सगळी आपली कृपा' हे वाक्य आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं.

पडद्यावर बाई तरंगत आल्या. "गाठी मारणारे ते तुम्हीच का?"

"मीच," काका छाती काढून म्हणाले.

"काका, तुमची एक पिशवी सोडवायला आम्हाला दोन माणसं आणि कात्री लागते. मागच्या खेपेला मोज्यांसाठी पाऊण तास झटापट झाली. जोर लावला की गाठ तिथेच राहते आणि आम्हीच गरगर फिरतो."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. काकूंना तेवढाही धीर निघाला नाही. "बाई, आमच्या साखरेचं अगदी हेच," त्या पडद्याला म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. सव्वीस वर्षं वाट पाहिली ती या तक्रारीसाठी, आणि तीही चारचौघांत.

"थांबा, हे बघा," म्हणत बाई बाजूला सरकल्या. मागे भिंतीला त्यांची झोपायची पिशवी बांधली होती. पट्टे काकांचे होते आणि गाठही काकांचीच. "इथे बांधलं नाही, तर झोपलेला माणूससुद्धा वाहत जातो. तुमचे पट्टे आम्ही कचऱ्यात जाऊ देत नाही. ही गाठ शिकायला मला दोन महिने लागले. आता आम्ही सगळे हिच्या भरवशावर झोपतो."

काकांना भरून आलं. आरशासमोरचं वाक्य काही केल्या आठवेना. ते उठले, पडद्याजवळ गेले आणि काचेवर, नेमकं त्या गाठीवर, त्यांनी दोनदा थोपटलं.

"डावा पट्टा जरा ओढून घ्या," ते डोळे पुसत म्हणाले. "सैल वाटतोय."