फकरोद्दीन नालबंदाचा राग

वाटूर फाट्यावर, परतूरकडे वळणाऱ्या सडकेच्या तोंडाशी, फकरोद्दीन नालबंद बसायचा. बैलाला दोर टाकून एका हिसक्यात आडवा पाडावा, पाय बांधावेत, खूर तासून नाल ठोकावी, आणि हे चाललं असताना बैलाच्या मालकाला झाडून काढावं, ही त्याची रीत. "तुह्या पायात काटा मोडला तर चार दिवस बाजंवरून उठत न्हाईस. अन् ह्याला लंगडत लंगडत इथवर आणलास? लाज न्हाई वाटत?" लोक मुकाट ऐकून घेत. त्यानं ठोकलेली नाल निघत नसे, आणि खिळा कधी जिवंत खुरात जात नसे.

१९७४च्या वैशाखात, ऐन दुपारी, जालन्याच्या अंगानं घंटेचा आवाज आला. साधूंची एक टोळी होती आणि सोबत झूल घातलेली हत्तीण. घटकाभरात फाटा माणसांनी भरला. बाया तिच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतू लागल्या, कुंकू लावू लागल्या. महंताच्या झोळीत पसा पसा गहू पडू लागला.

फकरोद्दीन लांबून फक्त पाय बघत होता. हत्तीण पुढचा डावा पाय टेकवी आणि लगेच उचली. मग तो अधांतरी धरून तीन पायांवर डुलत राही. लोकांना वाटलं, आशीर्वाद देतेय. फकरोद्दीननं हातोडी खाली टाकली, तो गर्दीत घुसला आणि पायापाशी उकिडवा बसला. दोन नखांच्या मधे बोट शिरेल एवढी भेग होती, भेगेत पू होता. तळव्याला पाघळलेलं डांबर चिकटून वाळलं होतं आणि त्यात खडी रुतली होती. जखमेवर ताजं कुंकू.

त्याचं डोकंच सणकलं. "आरं, पाया पडून राह्यले, पण पाय बघितला का कुणी? सडून चालला त्यो!"

"फकरूभाई, देवाचं काम हाय, जरा दमानं," कचरू म्हणाला. कचरूचे बैल फकरोद्दीनकडेच नालबंदीला येत. आता तो हात जोडून पुढं उभा होता.

"देवाचं हाय तर देवावानी ठिवा की! पायावर पाणी वतता, तिच्या तोंडाला एक बादली तरी लावली का?"

महंत पुढं आला. "ए, हाथ मत लगा. तू है कौन?"

"नालबंद. पायातलं मला कळतं."

हत्तिणीच्या मानेवर बसलेला हडकुळा माहूत वाकून हळूच बोलला, "भैया, तीन महीने से बोल रहा हूँ. सुनता कौन है?"

महंतानं डोळे वटारले तसा माहूत गप्प झाला. त्या गप्प होण्यानं फकरोद्दीन आणखी पेटला. "महाराज, चपला काढा. ह्याच सडकेवर, ह्याच उन्हात उभं राह्या. मी शंभर मोजतो. टिकलात तर बेशक न्या तिला, मी तुमच्या पाया पडतो."

महंत हसला आणि आजूबाजूला बघू लागला. मघाशी गहू घालणारे हात आता खाली होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या चपलांवर. "बराबर हाय," कुणीतरी मागून म्हणालं. महंतानं चपला काढल्या.

फकरोद्दीन मोजू लागला. दहाला महंतानं पाय बदलला, चौदाला तोंड वाकडं केलं, सतराला उडी मारून तो कडेच्या मातीत गेला. हशा पिकला.

"हसता काय?" फकरोद्दीन लोकांवरच उसळला. "ती तीन महिनं उभी हाय त्याच्यावर!"

पाय बरा होईस्तोवर हत्तीण इथून हलायची नाही, असं मग लोकांनीच महंताला बजावलं. टोळी आसपासच्या गावांना मागायला गेली, हत्तीण आणि माहूत मागं राहिले.

फाट्याजवळ चतुराबाईची विहीर आणि माळव्याचा तुकडा होता. बौद्धवाड्यातली ही विधवा बाई एकटीनं रान करायची. तिच्या चिंचेखाली हत्तीण बांधली. तिसऱ्याच दिवशी साखळी ओढून हत्तिणीनं भेंडीचे दोन वाफे साफ केले. चतुराबाई काठी घेऊन धावत आली.

"देव आसंल गावाचा! आमी न्हाई कुणाच्या पाया पडत. माही भेंडी कोण दिल भरून?"

"मारा मग," फकरोद्दीन तेवढ्याच जोरात ओरडला, "पण आधी पाय बघा, मंग मारा!"

तिनं वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग काठी टाकून तिनं शिव्या सुरू केल्या, त्या महंताला. "अन् तुमी बी कसले वो! एवढं मोठं जनावर, मूठभर कडब्यावर भागंल का? वडाच्या डहाळ्या आणा!" डहाळ्या आणायला कचरू गाडी जुंपून गेला, कुणी सांगायची वाट न बघता.

बैल दोरानं पाडता येतो, हत्तीण नाही. पहिल्या दिवशी खूर तासायची रापी लावताच तिनं सोंडेनं फकरोद्दीनला असा लोटला की त्याचं कोपर सोलून निघालं. तिच्यावर मात्र त्याला राग आला नाही. माहुताकडून तो तिला पाय उचलायला सांगायचे बोल शिकला. रोज सकाळी तो डांबर खरवडी, खडी उपसे, पू काढी, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुई आणि करडीच्या तेलात हळद कालवून भरी. तिकडं त्याच्या नालबंदीच्या ठाण्यावर बैल ताटकळत.

"उधर बैलां खडे हैं, लोगां गालियां दे रहे," त्याची बायको कमरुन्निसा म्हणाली. पण पाला उकळायला लग्नकार्यातलं मोठं पातेलं तिनंच काढून दिलं.

महिन्यानं भेग भरली. फकरोद्दीननं ट्रकच्या जुन्या टायरचा तळ कापून गोणपाटात शिवला आणि पट्ट्यांनी तिच्या पायावर बांधला. महंत परत आला तेव्हा अख्ख्या फाट्यासमोर त्यानं कबूल केलं, की चालायचं ते पहाटेच आणि सडक सोडून मातीनं. हत्तीण गेली.

पुढच्या वर्षी टोळी पुन्हा आली, हत्तिणीवाचून.

"कुठं हाय ती?"

"बिक गई, मेले में. पैर एकदम ठीक हो गया था न, अच्छा दाम मिला." महंत अगदी आनंदानं सांगत होता, जणू आभारच मानत होता. माहूत जनावराबरोबरच गेला होता.

फकरोद्दीननं त्याची गचांडी धरली. कचरू आणि दोघातिघांनी मिळून सोडवली, तेव्हा महंताची कफनी गळ्यापासून फाटली होती. घरी येऊन फकरोद्दीन भिंतीला टेकून बसला. "मैंच अच्छा करा उसकू," तो म्हणाला, "बेचने के लायक." आठ दिवस तो ठाण्यावर गेला नाही.

नवव्या दिवशी चतुराबाई दारात उभी राहिली. "फाट्यावर दरवेशी आलाय, अस्वल घिऊन. नाकातून रगत चाललंय त्याच्या. मी अडवून ठिवलाय, पण माहं कोण ऐकतंय? चला जल्दी."

तो उठला. त्या दिवशी दरवेशाशी हाणामारी झाली, फकरोद्दीनचा एक दात गेला आणि अस्वलाच्या नाकातली वेसण निघाली. त्यानंतर फाट्यावरून उंट जावो, माकडवाला जावो, नाहीतर बाजाराला चाललेला कळप, फकरोद्दीनचं तोंड चुकवून कुणी जाऊ शकत नसे. कचरूनं लोकांकडून दगड आणून चिंचेखाली हौद बांधला. चतुराबाई तो भरायची आणि पाणी न पाजता जाणाऱ्याला हाक मारून थांबवायची.

उत्तरेकडचे ट्रक फाट्यावर चहाला थांबत. फकरोद्दीन प्रत्येक ड्रायव्हरला विचारी, पायाला भेगेचा व्रण असलेली हत्तीण कुठं दिसली का. बहुतेक जण मान हलवत. एखादा भला माणूस त्याचं समाधान करायला म्हणे, "हां चाचा, देखी. मजे में है."

"कौनसे पैर पे था निशान?" फकरोद्दीन विचारी.

ड्रायव्हर चाचपडे, काहीतरी ठोकून देई. मग फकरोद्दीनची हातोडी लोखंडावर इतक्या जोरात पडू लागे की पलीकडं हॉटेलात बसलेली माणसं बोलायची थांबत.